बीडमध्ये 'फाशी नको' म्हणताना

बीड जिल्ह्यात राहून फाशीच्या शिक्षेला विरोध करणं सोपं कधीच नव्हतं. डिसेंबर २०२४ नंतर तर त्या विषयावर तोंड उघडणंही अवघड झालं. ९ डिसेंबरला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि हालहाल करून त्यांचा जीव घेतला गेला. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेली खंडणी, तिथल्या राखणदाराला झालेली मारहाण, आणि त्या वेळी सरपंचांनी मध्ये पडून घेतलेली बाजू, असा या गुन्ह्यामागचा घटनाक्रम तपास यंत्रणेने न्यायालयापुढे मांडला आहे. महिनाअखेरीला बीडमध्ये जो मोर्चा निघाला, त्यात मीही चालले. त्या गर्दीतला राग खरा होता आणि तो माझाही होता. घोषणा मात्र एकच होती, 'फाशी द्या', आणि ती आली की मी ओठ मिटून चालत राहायचे. खटला सुरू आहे, कोण दोषी आणि किती, हे न्यायालय ठरवील. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचं आहे ते त्या एका शब्दाबद्दल. आपला राग इतका रास्त असताना आपण त्याला इतकी तोकडी मागणी का देतो?

अंबाजोगाईत आम्ही काही जण या विषयावर माणसांशी बोलत असतो. आमची संस्था नाही, कचेरी नाही. १० ऑक्टोबर हा फाशीच्या शिक्षेविरुद्धचा जागतिक दिवस, २००३ पासून जगभर पाळतात. आमच्याकडे तो ऐन शरदात येतो. दिवसा ऑक्टोबरचं ऊन, पहाटे पायाशी पांघरूण ओढावं असा गारवा, आणि घरोघरी तापाचा एक तरी पेशंट. या दिवसांत आमच्या घरी मुगाचं कढण ठरलेलं. खरिपाचा मूग भाद्रपदात हाती येतो, त्यामुळे तो ताजा असतो. (२०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने शेतंच्या शेतं वाहून गेली, अनेकांना बाजारातून मूग विकत आणावा लागला, हेही सांगायला हवं.) मूग कोरडाच मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचा, धुवून लाल भोपळ्याच्या फोडींबरोबर मऊ शिजवायचा, रवीने घोटायचा, मग भरपूर पाणी घालून आलं, हळद, मीठ टाकून उकळत ठेवायचा. वरून तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण. घाई करून चालत नाही, नाहीतर मूग एकीकडे आणि पाणी एकीकडे राहतं. भगुनं मोठं असतं, कारण त्या दिवशी बोलायला आणि खायला येणारी माणसं बरीच असतात, आणि ते उकळेपर्यंत भरपूर बोलून होतं.

सभागृहातल्या कार्यक्रमांवर माझा फार विश्वास उरलेला नाही. तिथे आलेली माणसं बहुधा आधीच आपल्या मताची असतात. जी नसतात ती शिष्टाचार म्हणून ऐकून घेतात आणि निघून जातात. फाशीबद्दलचं मत तिथे तयार होत नाही. ते घरात तयार होतं, टीव्हीवरची बातमी बघत जेवताना, पोरीला क्लासवरून यायला उशीर झाला की, शेतातल्या एकट्या घरावर दरोडा पडल्याचं कानावर आलं की. ज्या जागी मत बनतं त्या जागी जाऊन बोलावं लागतं. आणि चुलीपाशी बसलेली बाई पाहुण्या वक्त्याला विचारणार नाही ते मला थेट विचारते. लसूण सोलता सोलता आमच्या गल्लीतल्या मावशींनी विचारलंच, "ताई, तुमच्या घरातलं माणूस असं मारलं असतं मंग? मंग बी हेच म्हणला असता का?"

हा प्रश्न अडवायला म्हणून विचारलेला नसतो, आणि त्याला तत्त्वज्ञानाचं उत्तर देणं हा त्या माणसाचा अपमान आहे. माझं उत्तर असं आहे. माझ्या घरातलं कुणी असं गेलं असतं तर मीही कदाचित फाशीच मागितली असती. कदाचित स्वतःच्या हाताने मारायला निघाले असते. त्या मागणीत काही गैर आहे असं मी कुणाही दुःखी माणसाला सांगणार नाही. पण म्हणूनच कायद्याने शिक्षा ठरवण्याचं काम मेलेल्याच्या आप्तांकडे ठेवलेलं नाही. त्यांनी न्याय मागायचा. तो कोणत्या रूपात द्यायचा, हे बाकीच्या समाजाने शुद्धीवर राहून ठरवायचं. महात्मा गांधींच्या खुनाबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी सुनावली गेली, तेव्हा गांधींचे मुलगे मणिलाल आणि रामदास यांनी ती माफ करावी अशी विनंती केली होती. सरकारने ती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. हे उदाहरण मी सांगते, पण जपून सांगते. ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी क्षमा करावी ही अपेक्षा ठेवायचा हक्क मला नाही. सरकारने मारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यासाठी कुणा विधवेने मोठं मन दाखवण्याची गरज नाही.

दुःखाच्या घराला आपण काय देतो, याचा विचार मात्र करायला हवा. आपल्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, ज्याला घास उतरत नाही त्याला पातळ काहीतरी पाजतात. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. त्यानंतर सुरू होतात तारखा, आणि तारखांना कुणी डबा घेऊन येत नाही. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत, १३ जुलै २०१६ ला शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. महाराष्ट्रभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले, त्यात फाशीची मागणी पहिली होती. २९ नोव्हेंबर २०१७ ला अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. त्या दिवशी अनेकांना वाटलं, प्रकरण संपलं. पण फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि हे प्रकरण तिथे सुनावणीची वाट बघत राहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य दोषीने येरवड्याच्या तुरुंगात आत्महत्या केली, तोवरही निकाल आलेला नव्हता. फाशीची शिक्षा दुःखी कुटुंबाला शेवट देते असं म्हणतात. प्रत्यक्षात ती त्याला पुष्टी, अपील, पुनर्विचार आणि दयेचा अर्ज अशा लांबच लांब रांगेत उभं करते, आणि दर पायरीला ती जखम पुन्हा पेपरात छापून येते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर सरकारने एवढा वेळ घालवला की जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ती जन्मठेपेत बदलावी लागली. ज्यांची लेकरं गेली त्या आईबापांना वीस वर्षं 'आता फाशी होणार' असं सांगत ठेवलं गेलं. सुरुवातीलाच मरेपर्यंत कैद दिली असती तर निदान ही वाट बघणं तरी टळलं असतं.

आता बीडकडे वळते. सरपंचांच्या खुनानंतर काय काय झालं, आठवून पाहा. पोलीस अधीक्षकांची बदली झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, तपास सीआयडीकडे गेला, विशेष तपास पथक नेमावं लागलं, मार्च २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. याचा अर्थ सरळ आहे. जिल्ह्यातली यंत्रणा आपल्याला वाचवायला पुरी पडत नाही, हे सरकारनेच मान्य केलं. खंडणी मागितल्याची तक्रार वेळेत धसाला लागली असती, बंदुकीचे परवाने बघून दिले असते, तर तो माणूस आज जिवंत असता असं इथला प्रत्येक जण म्हणतो. आणि मग त्याच यंत्रणेच्या हातात आपण दोरखंड देऊ म्हणतो. ज्यांच्यावर आपला एफआयआर नीट लिहून घेण्याइतकाही भरवसा नाही, त्यांनी गोळा केलेल्या पुराव्यावर आपण माणूस मारायला तयार आहोत.

सरपंचांच्या खुनाच्याच आठवड्यात शेजारच्या परभणीत काय घडलं ते आठवतं का? संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या दंगलीत पोलिसांनी धरपकड केली. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी त्यात पकडला गेला, आणि १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं, आणि त्यालाही राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. मस्साजोग आणि परभणी, सहा दिवसांच्या अंतराने. एकीकडे पोलीस आलेच नाहीत अशी तक्रार, दुसरीकडे आले आणि माणूस मेला अशी. गुन्हेगाराला जरब बसावी म्हणून फाशी हवी असं म्हणणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे कढणाला येणाऱ्यांत एक पारधी वस्तीवरच्या बाई आहेत. मोर्च्यात त्या आल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कुठं बी काही झालं की गाडी आधी आमच्याकडं येती. मंग फाशी द्या म्हणायला आम्ही कसं यावं?" त्यांना मी अंकुश मारुती शिंदे खटल्याची गोष्ट सांगितली, आणि ती मी भेटेल त्याला सांगते. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, तिथल्या पाच जणांना मारलं, बलात्कार झाले. अंगावर काटा येईल असा गुन्हा. जालना जिल्ह्यातल्या भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही फाशी पुन्हा लागू केली. मग कळलं की त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं, की सर्वोच्च न्यायालयानेच चुकीचे ठरवलेल्या निवाड्याच्या आधारे काही जणांना फाशी सुनावली गेली आहे. आणि ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले वेगळेच चार चेहरे ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही, आणि ही गोष्ट न्यायालयापासून दडवली गेली. सोळा वर्षं तुरुंगात काढलेल्या प्रत्येकाला राज्याने पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला.

या गोष्टीत मला सर्वांत भयंकर काय वाटतं, तर खरे गुन्हेगार कोण हे आपल्याला आजही ठाऊक नाही. फाशी सुनावली, न्याय झाला, म्हणून सगळे निर्धास्त झोपले. ज्या गुन्ह्यासाठी आपण ज्यांना मारायला निघालो होतो, तो त्यांनी केलाच नव्हता. २००९ नंतर दोन वर्षांत ती फाशी उरकली असती, तर २०१९ चा निकाल कुणाला वाचून दाखवायचा होता? जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं. त्यातल्या पाच जणांना २०१५ मध्ये फाशी सुनावलेली होती. राज्य सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या पाचांपैकी एक जण निकाल ऐकायला नव्हता, २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात वारला होता.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी देशभरच्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ मध्ये अहवाल काढला. त्यात चारांतले तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरातले निघाले. जवळपास तेवढेच दलित, आदिवासी, मागास जातींतले किंवा अल्पसंख्य. ज्याच्यामागे पैसा आणि आमदार आहे, तो त्या कोठडीपर्यंत क्वचित पोचतो. बीडमध्ये 'बड्या माशां'साठी फाशी मागणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं. आपण मागतो बड्यासाठी, कायदा मात्र त्या मागणीचा वापर करतो लहानावर.

आणखी एक गोष्ट बीडमध्ये उघड बोलली जात नाही. फाशीची मागणी जात विचारून वर-खाली होते. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, तेव्हा फाशी मागणारे एका बाजूचे होते. कोपर्डीनंतर दुसऱ्या बाजूचे पुढे आले. मस्साजोगनंतर तर आरोपी कोणत्या जातीचे यावरून गावागावांत माणसं एकमेकांच्या दुकानात जायची थांबली. प्रत्येक समाजाला आपल्या मेलेल्यासाठी फाशी हवी असते आणि आपल्या आरोपीसाठी निष्पक्ष खटला. मी दोन्ही ठिकाणी निष्पक्ष खटलाच मागते, त्यामुळे दोन्ही बाजूंना परकी ठरते. त्याची किंमत द्यायची माझी तयारी आहे.

"मंग सोडून द्यायचं का?" हा पुढचा प्रश्न. नाही. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर. चौदा वर्षं ही फक्त त्याआधी सरकारला सूट देता येऊ नये म्हणून घातलेली मर्यादा. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून न्यायालयं त्याही पुढे जातात. वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट नाही असं निकालातच लिहितात. खैरलांजीतही २०१० मध्ये उच्च न्यायालयाने सहा जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. हे सांगितलं की अर्ध्याहून अधिक माणसांचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. त्यांना मरण हवं असतंच असं नाही. तो माणूस राजकीय वशिल्याने बाहेर येऊन पुन्हा चौकात उभा राहील, ही भीती असते. ती भीती खरी आहे, आणि तिच्यासाठी वेगळी मागणी करावी लागेल.

जरब बसते का, यावर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तीन दशकांचे अभ्यास तपासून सांगितलं, की त्यांतून फाशीने खून कमी होतात की वाढतात यातलं काहीच सिद्ध होत नाही. गुन्हेगार शिक्षा किती मोठी आहे हे बघत नाही, आपण सापडू का हे बघतो. बीडमध्ये तर तेवढंही बघायची गरज वाटत नव्हती, हाच तर आपला राग आहे.

बाबासाहेबांचं नाव इथे घेते, कारण आमच्या मराठवाड्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे आणि हे त्यांचं मत फार कमी जणांना माहीत आहे. ३ जून १९४९ ला संविधान सभेत फाशीच्या खटल्यांची अपिलं सर्वोच्च न्यायालयात यावीत का, यावर चर्चा चालली होती. बाबासाहेब म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील, कारण या देशातली माणसं अहिंसा पाळत नसली तरी तिला नैतिक आदेश मानतात. ज्या माणसाने अन्याय सर्वांत जवळून पाहिला, त्याने राज्याच्या हाती माणूस मारायचा अधिकार ठेवू नये असं म्हटलं. पुढे २०१५ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानेही दहशतवादाचे गुन्हे वगळता ही शिक्षा रद्द करावी अशी शिफारस केली. ती तशीच पडून आहे.

आता यात स्वयंपाकघराचं काय काम, असं कुणी विचारील. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सांगितलं, की फाशी द्यायची की नाही हे ठरवण्यापूर्वी त्या माणसाच्या सगळ्या आयुष्याची माहिती न्यायालयापुढे यायला हवी. तो कसा वाढला, लहानपणी काय सोसलं, शाळा का सुटली, डोक्याला मार लागला होता का, तुरुंगात कसा वागतो. ही माहिती वकिलाच्या फायलीत सापडत नाही. ती आरोपीच्या आईकडे, बहिणीकडे असते, आणि ती चौकशीच्या सुरात विचारली तर मिळत नाही. तिच्या घरी तासन्‌तास बसावं लागतं. ती देईल ते खावं लागतं, तिला काही नेऊन द्यावं लागतं. ज्या बाईच्या मुलावर खुनाचा आरोप आहे तिच्या दारात गावातलं कुणी जात नाही. मयताच्या घराइतकंच ते घर रिकामं असतं, आणि तिथे पिठलं घेऊनही कुणी येत नाही. मी दोन्ही घरी कढण नेते. एका घरी नेल्याबद्दल दुसऱ्या घराने मला बोल लावला आहे, आणि त्यांचं बोलणं मला समजतं.

आमच्या जिल्ह्यात या कामाला आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. दसरा झाला की ऊसतोडीचे कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरंबाळं, भांडीकुंडी घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात, ती पार उन्हाळ्यातच परत येतात. खटल्यात दोषी ठरल्यानंतर शिक्षेवरची सुनावणी कधी कधी त्याच दिवशी उरकते. त्या दिवशी आरोपीची आई कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असते. पोराचा शाळेचा दाखला नसतो, कारण दर वर्षी शाळा अर्ध्यावर सुटलेली असते. दवाखान्याचा कागद नसतो, कारण फडावर दवाखाना नसतो. न्यायाधीशांपुढे त्या माणसाबद्दल एकच कागद असतो, आरोपपत्र.

म्हणून कोयते निघण्याआधी, या शरदातच, आम्हाला केज, धारूर, वडवणी, आष्टी, पाटोदा अशा तालुक्यांतून बायका आणि पोरं हवी आहेत, जी अशा घरांत जाऊन बसतील, ऐकतील आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहून काढतील. फाशीला विरोध असलाच पाहिजे अशी अट नाही. आमच्या मावशींचा अजून नाही. त्या म्हणतात, काही माणसं लटकवलीच पाहिजेत. पण परवा त्या माझ्याबरोबर एका घरी आल्या, दोन तास बसल्या, आणि त्या माउलीचा मुलगा नवव्या वर्षापासून फडावर पाचट गोळा करत होता हे मी विचारायच्या आधी त्यांनीच काढून घेतलं.